'इज कॉल्ड', 'नेम्ड आफ्टर' डॅनिशमध्ये परत परत चुकतंय? बिघाड कुठे असतो आणि काय करायचं

प्रॉब्लेम साधारण असा असतो. इंग्रजी मजकूर डॅनिशमध्ये नेताना, मग तो अ‍ॅपच्या स्क्रीनवरचा असो, म्युझियमची माहिती असो नाहीतर स्वतःचा सीव्ही, बाकी वाक्यं बऱ्यापैकी जमतात, मशीनही हल्ली बरं देतं, पण 'इज कॉल्ड', 'नेम्ड आफ्टर', 'नोन अ‍ॅज', 'बाय द नेम ऑफ' असलं काही आलं की तपासणारा डेन माणूस नेमकी तिथेच खूण करून परत पाठवतो. आपण तेवढं वाक्य सुधारतो आणि पुढच्या फाइलमध्ये तेच दुखणं दुसऱ्या शब्दात हजर. मी लोकलायझेशनमध्ये, म्हणजे अ‍ॅप आणि मजकूर दुसऱ्या भाषेत नेण्याचं, काम करते, आणि इथे डेन्मार्कात नोकरीला आलेले मराठी लोक असोत की पुण्यात बसून नॉर्डिक फाइली सांभाळणारे, सगळ्यांकडून फिरून फिरून हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी लिपीचं सांगते. डॅनिश शब्द इथे देवनागरीत लिहिलेत ते शक्यतो स्पेलिंगच्या जवळ ठेवलेत, उच्चाराच्या नाही, कारण डिक्शनरीत शोधायला स्पेलिंगच लागतं आणि डॅनिश उच्चार ही स्वतंत्र भानगड आहे. 'हेड्डर'मधला ड इतका मऊ की नवख्या कानाला तो ल वाटतो, 'काल्डर'मधला ड तर कुणी म्हणतच नाही, आणि 'येग' म्हणजे 'मी' हे ऐकताना 'याय' असं ऐकू येतं. तेव्हा हे मोठ्याने वाचून एखाद्या डेन माणसावर प्रयोग करू नका.

बिघाडाचं मूळ

इंग्रजीत 'कॉल' आणि 'नेम' ही दोन क्रियापदं नावाशी संबंधित जवळपास सगळी कामं उरकतात. नाव असणं, कुणीतरी तसं म्हणणं, नाव ठेवणं, कुणाच्या तरी नावावरून ठेवणं, यादीत नाव घेणं, पदावर नेमणूक करणं, शिवाय फोन करणं हेही त्यातच. डॅनिशमध्ये यातल्या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि अदलाबदल चालत नाही. आपण मराठी लोक इंग्रजीवरून थेट डॅनिशवर उडी मारतो आणि तिथेच फसतो. खरं तर मराठीतही ही कामं वेगवेगळीच आहेत की. 'त्याचं नाव अमुक आहे', 'त्याला अमुक म्हणतात', 'अमुकच्या नावावरून ठेवलंय', 'अमुक नावाचा माणूस', 'तिने दोन नावं घेतली', 'त्याची नेमणूक झाली'. म्हणून माझा उपाय असा की इंग्रजी वाक्य आलं की डॅनिश शोधायच्या आधी ते मनात मराठीत म्हणायचं, आपण स्वयंपाकघरात बोलतो तसल्या मराठीत, मग कुठलं डॅनिश क्रियापद हवं ते बहुतेक वेळा आपोआप कळतं. बहुतेक वेळा म्हणतेय, कारण एका ठिकाणी ही युक्ती दगा देते, ते खाली येईलच.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार: 'एर काल्ट'

'इज कॉल्ड' दिसलं की शब्दाला शब्द लावून 'एर काल्ट' लिहिलं जातं. 'एर' म्हणजे 'आहे' आणि 'काल्ट' म्हणजे 'कॉल्ड', मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की डेन माणसाला त्यातून 'बोलावलंय', 'पाचारण केलंय' असला वास येतो. नाव सांगायला डॅनिशमध्ये 'हेड्डे' हे क्रियापद आहे, अर्थ 'नाव असणे', वर्तमानकाळ 'हेड्डर'. 'व्हाड हेड्डर डू', तुझं नाव काय. 'येग हेड्डर' आणि पुढे नाव. यात दुसरा कुणी तिसरा माणूस येऊन नाव ठेवत नाही, त्या माणसाचं किंवा वस्तूचं ते नाव आहे, एवढंच.

'काल्डे' लागतं जेव्हा कुणीतरी तसं म्हणतं. खरं नाव एक आणि लोक म्हणतात दुसरं, किंवा निदान 'म्हणणारा' महत्त्वाचा आहे, अशा वेळी. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोपनहेगनच्या मधोमध आहे, स्ट्रोगेट. ती पायी चालायची प्रसिद्ध बाजारपेठ, 1962 मध्ये गाड्यांना बंद केलेली. गंमत अशी की स्ट्रोगेट नावाचा अधिकृत रस्ता नाहीच. एकामागून एक लागणारे फ्रेडरिक्सबर्गगाडे, नीगाडे, विमेलस्काफ्टेट, आमागरटॉर्व आणि ओस्टरगाडे मिळून ती ओळ होते, आणि त्या ओळीला लोक स्ट्रोगेट म्हणतात. तर डॅनिशमध्ये रस्ता 'हेड्डर' ओस्टरगाडे, पण सगळ्यांना मिळून 'काल्डेस' स्ट्रोगेट. इंग्रजी माहितीपत्रकात दोन्हीकडे 'इज कॉल्ड' असतं, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला कळायला मार्गच नसतो, आधी ती जागा काय आहे हे बघावं लागतं. मराठीत म्हणून बघा: 'या रस्त्याचं नाव ओस्टरगाडे', 'या पट्ट्याला स्ट्रोगेट म्हणतात'. जमलं ना.

'काल्डेस' की 'ब्लिवर काल्ट' हा पुढचा प्रश्न असतो, दोन्ही कर्मणीच. जनरल, कायमचं विधान असेल, माहिती देणारा लेख असेल तर शेवटी एस लावलेलं 'काल्डेस' चांगलं बसतं. घरात मित्रांत कुणाला काय म्हणतात असं बोलण्यातलं असेल तर 'ब्लिवर काल्ट'. 'आय गो बाय संजू' याचंही तेच, 'येग ब्लिवर काल्ट संजू', किंवा ऑफिसात पहिल्या दिवशी सरळ 'काल्ड मिग बारे संजू', म्हणजे मला नुसतं संजू म्हणा. पण 'येग काल्डर मिग संजू' लिहू नका, त्यातून मी स्वतःला संजू म्हणवून घेतो, म्हणजे खरं नाव वेगळंच आहे किंवा कलाकाराचं नाव घेतलंय असा सूर लागतो.

भूतकाळात तर अजून लोक फसतात. 'द टाउन वॉज कॉल्ड फ्लाडस्ट्रांड' याचं 'ब्लेव काल्ट' करतात. उत्तर युटलंडमधलं फ्रेडरिक्सहाव्न हे बंदर 1818 पर्यंत फ्लाडस्ट्रांड होतं, त्या वर्षी त्याला बाजारपेठेचा दर्जा मिळाला आणि राजा फ्रेडरिक सहाव्याच्या नावावरून नवं नाव. तेव्हा जुन्या नावासाठी 'हेड्डे'चा भूतकाळ, 'हेड': 'ब्युएन हेड फ्लाडस्ट्रांड इंडटिल 1818'. हे 'हेड' इतकं छोटं आहे की मशीनच्या भाषांतरात क्वचितच येतं आणि आलं की तपासणारा खूश होतो.

आता ती दगा देणारी जागा. 'याला डॅनिशमध्ये काय म्हणतात?' आपण मराठीत 'म्हणतात' म्हणतो, मग युक्तीप्रमाणे 'काल्डर' यायला हवं. नाही. वस्तूचा शब्द विचारताना डॅनिश 'हेड्डर'च वापरतं: 'व्हाड हेड्डर डेट पो डान्स्क', शब्दशः 'डॅनिशवर त्याचं नाव काय'. इथे आपली मराठी बाजूला ठेवायची. आणि यातूनच एक वाक्य निघतं जे भाषा शिकणाऱ्याला सारखं ऐकावं लागतं, 'डेट हेड्डर डेट इके', म्हणजे 'असं म्हणत नाहीत', 'हे बरोबर रूप नव्हे'. सफरचंदाला, 'एबले'ला, 'एट'ऐवजी 'एन' हे उपपद लावलं की लगेच समोरचा म्हणतो 'डेट हेड्डर एट एबले'. त्याला त्यात रागबिग काही नसतो.

आणखी एक, वाक्याची सुरुवात 'पो डान्स्क' किंवा 'ई डाग' म्हणजे 'आज' अशी केलीत तर क्रियापद दुसऱ्या जागेवर उडी मारतं: 'पो डान्स्क हेड्डर डेट' आणि पुढे शब्द. हे नावापुरतं नाही, सगळ्या डॅनिशचा नियम आहे, पण नावाच्या वाक्यांत सुरुवातीला असं काहीतरी असतंच, म्हणून ती चूक इथे जास्त दिसते.

'काल्ट' की 'काल्डेट'

हे बारीक आहे पण रिव्ह्यूमध्ये नेहमी अडकतं. 'हार' लावून पूर्ण काळ केला तर 'काल्ट': त्याने मला अमुक म्हटलंय. पण नावाच्या मागे लटकवून 'ऊर्फ' सारखं वापरायचं असेल तर 'काल्डेट'. राणी मार्ग्रेथेला घरात डेझी म्हणतात, तिच्या आजीचंही लाडाचं नाव तेच होतं, तर 'मार्ग्रेथे, ई फामिलिएन काल्डेट डेझी'. 'ऑल्सो नोन अ‍ॅज' याला मी शक्यतो 'ओग्सो काल्डेट' करते. 'ओग्सो केंड्ट सोम' चुकीचं नाही, डेन लोकही आता सर्रास लिहितात, पण ते इंग्रजीवरून आल्यासारखं वाटतं. 'केंड्ट सोम' खरं शोभतं जिथे माणूस कशासाठी तरी प्रसिद्ध आहे तिथे. 'सो-कॉल्ड' मात्र सोपं, 'सोकाल्ट', आपल्या 'तथाकथित'सारखाच टोमणाही त्यात बसतो. फक्त अनेकवचनात आणि 'डेन' (इंग्रजी 'द'सारखा शब्द) याच्यानंतर 'सोकाल्टे' करायला विसरू नका.

शिवी किंवा वर्णन असेल तर 'काल्डे'नंतर बऱ्याचदा 'फोर' येतं, 'त्याने मला मूर्ख म्हटलं' मध्ये. म्हणूनच इंग्रजीतली फावड्याला फावडं म्हणायची म्हण डॅनिशमध्ये 'काल्डे एन स्पाडे फोर एन स्पाडे'.

'नेम्ड आफ्टर': 'नाव्नगिवेट एफ्टर' लिहू नका

डिक्शनरीत 'नेम' क्रियापद म्हणून शोधलं की 'नाव्नगिवे' सापडतं आणि मग 'नाव्नगिवेट एफ्टर' तयार होतं. डेन माणसाला कळेल, पण तो बदलणारच. कुणाच्या नावावरून ठेवणे म्हणजे 'ओपकाल्डे एफ्टर', आणि वाक्यात 'एर ओपकाल्ट एफ्टर'. एवढं एक पाठ केलं तरी म्युझियमच्या अर्ध्या पाट्या सुटतात, कारण डेन्मार्कात ज्याच्या त्याच्या नावावरून काहीतरी आहे. कार्ल्सबर्ग ब्रुअरी 1847 ची, मालक जे. सी. याकोबसेनने मुलाचं नाव दिलं, मुलगा कार्ल आणि 'बर्ग' म्हणजे टेकडी. हाफ्नियम हे मूलद्रव्य 1923 मध्ये कोपनहेगनात सापडलं आणि शहराच्या लॅटिन नावावरून, हाफ्निया, त्याचं नाव पडलं. ब्लूटूथ हेही ओपकाल्ट एफ्टर हारल्ड ब्लोटांड, दहाव्या शतकातला राजा, आणि त्याचं चिन्ह म्हणजे त्याच्या नावाच्या एच आणि बी या रून (जुन्या नॉर्डिक लिपीतल्या) अक्षरांची जोडणी. यात एक हमखास गोची होते. राजाचं नाव डॅनिशमध्ये 'ब्लोटांड' आणि तंत्रज्ञानाचं नाव 'ब्लूटूथ' असं इंग्रजीच राहतं, शोध-बदल एका झटक्यात केलंत तर एकतर सेटिंगमध्ये राजा चालू-बंद होतो नाहीतर राजाचं नाव इंग्रजी होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर बंगालमधलं श्रीरामपूर. 1755 ते 1845 ते डेन लोकांच्या ताब्यात होतं आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं फ्रेडरिक्सनागोरे, राजा फ्रेडरिक पाचव्यावरून, आणि पुढे आपलं 'नगर' जोडून. म्हणजे 'ओपकाल्ट एफ्टर फ्रेडरिक 5.' पण तामिळनाडूतलं तरंगंबाडी, जिथे ते 1620 मध्ये आले, त्याला ते ट्रांकेबार म्हणायचे, ते कुणाच्या नावावरून नाही, स्थानिक नावच त्यांच्या जिभेवर तसं झालं, तेव्हा तिथे 'ओपकाल्ट' नाही, 'काल्टे' येईल: डेन लोक त्याला ट्रांकेबार म्हणत. इंग्रजी मजकुरात दोन्हीकडे 'नेम्ड' लिहिलेलं असू शकतं.

याच शब्दाजवळ दुसरा खड्डा आहे. 'ओपकाल्ड' हे नाम म्हणजे फोनकॉल. मिस्ड कॉल म्हणजे 'उबेस्वारेट ओपकाल्ड'. आणि फोन करणे हे क्रियापद 'काल्डे' नाहीच, ते 'रिंगे तिल'. 'कॉल मी' असं बटण असेल तर डॅनिशमध्ये 'रिंग तिल मिग' की 'काल्ड मिग' हे इंग्रजीवरून कळतच नाही, स्क्रीनशॉट मागा. स्क्रीनशॉट मागायला लाजणारे लोक बघितलेत मी, त्यात लाजण्यासारखं काय आहे कळत नाही.

नाव बदलणं, नाव देणं

'रिनेम' हे सॉफ्टवेअरमध्ये 'ओमडोब', आणि ते 'डोबे' म्हणजे बाप्तिस्मा देणे यातून आलंय, पण फाइलला बाप्तिस्मा दिला असं कुणाला वाटत नाही, तो शब्द घासून गुळगुळीत झालाय. जहाजालाही 'डोब्ट' चालतं. शहर असेल तर 'ओमडोब्ट तिल'. कंपनीने स्वतःचं नाव बदललं तर मला 'स्किफ्टे नाव्न' बरं वाटतं: 2017 मध्ये डाँग एनर्जी कंपनीने नाव बदलून ऑर्स्टेड केलं, शास्त्रज्ञ एच. सी. ऑर्स्टेडवरून, तेव्हा 'स्किफ्टेडे नाव्न' आणि 'ओपकाल्ट एफ्टर' दोन्ही एकाच वाक्यात बसतात.

बाळाच्या बाबतीत मात्र 'डोब्ट' जपून. बारशाचं निमंत्रण किंवा कसला अर्ज डॅनिशमध्ये लिहिताना मशीन 'वॉज नेम्ड' किंवा 'क्रिसन्ड' याचं 'ब्लेव डोब्ट' करतं, आणि मुलाचा बाप्तिस्मा झालेला नसतो. आपल्याला हवं असतं 'फिक नाव्नेट' म्हणजे 'नाव मिळालं', किंवा कागदोपत्री 'नाव्नगिवनिंग', म्हणजे नुसतं नाव देणं. हो, इथे तो 'नाव्नगिवे' बरोबर आहे. गोंधळ वाढवायला अजून एक गोष्ट अशी की डेन्मार्कात बाळाचं नाव सहा महिन्यांच्या आत नोंदवावं लागतं आणि ही नोंद चर्चच्या कार्यालयाकडे असते, धर्म कुठलाही असला तरी, फक्त दक्षिण युटलंडमध्ये ती नगरपालिकेकडे आहे. म्हणून पत्रावर चर्चचं नाव बघून घाबरू नका आणि 'डोब'वाल्या रकान्यात काही भरूही नका.

'नेम' पण नावच नाही

ही जात सगळ्यात वाईट, कारण इथे नाव ठेवणं वगैरे काहीच चाललेलं नसतं. 'नेम थ्री सिटीज' म्हणजे तीन शहरांची नावं सांगा, इथे क्रियापद 'नेव्ने', उल्लेख करणे: 'नेव्न त्रे ब्युएर'. 'टु नेम बट अ फ्यू' झालं 'फोर ब्लॉट अट नेव्ने नोग्ले फो'. 'शी वॉज नेम्ड मिनिस्टर' म्हणजे नेमणूक, 'उडनेव्न्ट तिल मिनिस्टर'. 'नेम्ड प्लेयर ऑफ द इयर' म्हणजे निवड, 'कोरेट तिल', इथे 'उडनेव्न्ट' केलं तर कुणीतरी त्याला सरकारी हुकमाने खेळाडू केलं असं वाटतं. बातम्यांत 'पोलिसांनी नाव जाहीर केलेलं नाही' असं असेल तर पोलिसांनी नाव 'ओप्लिस्ट' नाही, म्हणजे कळवलेलं नाही, असं लिहा. कोर्टाने नाव छापायला बंदी केली असेल तर डॅनिशमध्ये त्याला सुटसुटीत एकच शब्द आहे, 'नाव्नेफोरबुड', आणि पेपरात तो रोज दिसतो.

'नेमली' या इंग्रजी शब्दाचं 'नेमलिग' करून टाकतात, दिसायला सख्खे भाऊ. पण 'नेमलिग' बहुतेक वेळा 'कारण असं की' या अर्थाने येतं, आणि कुणी नुसतं 'नेमलिग!' म्हटलं तर त्याचा अर्थ 'अगदी बरोबर!'. यादी सुरू करताना तो कधी कधी चालतो, पण डोळे मिटून टाकू नका.

माणसांची नावं, आणि तो मेलेमनाव्न

फॉर्मच्या भाषांतरात 'फर्स्ट नेम' हे 'फोरनाव्न', 'लास्ट नेम' हे 'एफ्टरनाव्न', इथवर कुणी चुकत नाही. 'मिडल नेम' आलं की 'मेलेमनाव्न' लिहून मोकळे. शब्द तोच, पण वस्तू वेगळी. डॅनिश पद्धतीत मेलेमनाव्न हे आडनावासारखं नाव असतं, बरेचदा आईचं आडनाव, जे पहिलं नाव आणि शेवटचं आडनाव यांच्यामध्ये बसतं. दुसरं पहिलं नाव, म्हणजे बाळाला दोन नावं ठेवलेली असतात त्यातलं दुसरं, कायद्याच्या नजरेत फोरनाव्नच. आणि आपलं मधलं नाव तर वडिलांचं. सचिन रमेश तेंडुलकर यातलं रमेश हे ना दुसरं पहिलं नाव ना डॅनिश अर्थाचा मेलेमनाव्न. म्हणून फॉर्म तुमच्या हातात असेल तर रकान्याला 'फोरनाव्न ओग एवेंटुएल्ट मेलेमनाव्न' असं एकत्र लेबल द्या, डॅनिश फॉर्मवर ते ओळखीचंही आहे. इथल्या 'एवेंटुएल्ट'चा अर्थ 'असल्यास' असा आहे, इंग्रजी 'इव्हेंच्युअली' नाही, हाही एक नेहमीचा अपघात. आणि तुम्ही स्वतः भरत असाल तर पासपोर्टात जे गिव्हन नेम्समध्ये आहे ते सगळं फोरनाव्नमध्ये, जसंच्या तसं.

डेन माणसाला आपलं वडिलांचं नाव समजावायचं असेल तर त्याच्याच आडनावावरून समजवा. पूर्वी तिथेही तेच होतं. येन्सचा मुलगा नील्स म्हणजे नील्स येन्सन, आणि त्याचा मुलगा हान्स म्हणजे हान्स नील्सन, दर पिढीत बदलायचं. 1828 च्या फर्मानाने कुटुंबाला कायमचं आडनाव ठेवायला लावलं, आणि त्या वेळी जे काही '-सेन' होतं तेच पुढे चिकटून बसलं. आजही येन्सन, नील्सन आणि हान्सन एवढे भेटतात त्याचं कारण हेच. 'मधलं नाव म्हणजे तुमच्या आडनावासारखंच, फक्त आमचं अजून दर पिढीत बदलतं' एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा उजळतो.

लग्नाआधीचं आडनाव: इंग्रजी 'ने' हे फ्रेंचवरून आलेलं, डॅनिशमध्ये 'फोड्ट', म्हणजे 'जन्मलेली'. लेखिका कारेन ब्लिक्सेन, फोड्ट दिनेसन. आपल्या 'पूर्वाश्रमीच्या'चा नेमका जोडीदार. फक्त 'फोड्ट'चं संक्षिप्त रूप एफ आणि टिंब असं होतं आणि तेच जन्मवर्षालाही लागतं, तर 'एफ. 1885' आणि 'एफ. दिनेसन' यातला फरक मशीनला कळेलच असं नाही. याच बाईंनी इझाक दिनेसन या नावाने इंग्रजीत लिहिलं, त्याला 'उंडर प्स्यूडोनीमेट'. राणी मार्ग्रेथेनेही इंगाहिल्ड ग्राथमर अशा टोपणनावाने चित्रं काढली होती, तिथेही तेच.

टोपणनाव म्हणजे नेमकं कुठलं हेही डॅनिश विचारतं. लाडाचं असेल तर 'केलेनाव्न', चिडवायचं असेल तर 'ओगेनाव्न', राजाच्या नावामागे इतिहासाने लावलेलं असेल तर 'तिलनाव्न', रोजच्या वापरातलं असेल तर 'काल्डेनाव्न'. सॉफ्टवेअरमध्ये 'निकनेम'चा रकाना असेल तर ओगेनाव्न लिहू नका म्हणजे झालं, नाहीतर आपण लोकांना विचारतोय की तुम्हाला शाळेत काय म्हणून चिडवायचे. जाता जाता, 'ओगेनाव्न' आणि इंग्रजी 'निकनेम' मुळात एकच, मध्ययुगीन इंग्रजीतलं 'अ‍ॅन इकनेम' चुकीच्या जागी तुटलं आणि 'अ निकनेम' झालं. आणि आपल्याच नावाचा दुसरा कुणी भेटला तर तो 'नाव्नेब्रोर', नावभाऊ, बाई असेल तर 'नाव्नेसोस्टर'.

अजून एक, एच. सी. अँडरसनला डॅनिशमध्ये हान्स क्रिस्चन अँडरसन असं पूर्ण लिहायची पद्धत नाही, तिथे तो कायम एच. सी. आणि म्हणताना 'हो से'. इंग्रजीतून तसंच पूर्ण नाव नेलंत की भाषांतर आहे हे पहिल्याच ओळीत कळतं.

किरकोळ पण छळणारं

'बाय द नेम ऑफ' म्हणजे 'वेड नाव्न', 'नावाचा': 'एन मांड वेड नाव्न' आणि पुढे नाव. 'इन द नेम ऑफ द लॉ' म्हणजे 'ई लोवेन्स नाव्न', पण कुणाच्या वतीने सही करताय तर 'पो वेग्ने आफ', तिथे 'ई नाव्न' भारदस्त आणि जरा विनोदी वाटतं. 'द सिटी ऑफ आरहूस' याचं 'ब्युएन आफ आरहूस' करू नका, नुसतं 'ब्युएन आरहूस', मधलं 'ऑफ' हवंच कशाला, मराठीतही आपण 'आरहूस शहर' म्हणतो. विद्यापीठालाही तसंच, 'कोबेनहाव्न्स उनिवर्सिटेट'. आरहूस लिहिताना सुरुवातीला दोन ए, शहराने 1 जानेवारी 2011 पासून ते परत घेतलंय, जुन्या फाइलींत मात्र वर गोल असलेला एकच ए सापडेल. नावांची यादी लावताना हे दोन ए त्या गोलवाल्या अक्षरासारखे धरतात, आणि ते डॅनिश वर्णमालेत शेवटचं. म्हणून ओगोर (स्पेलिंग दोन ए नी सुरू होतं) आडनावाचा माणूस 'ए'खाली सापडत नाही अशी तक्रार आली तर बग समजू नका, खाली झेडच्याही पलीकडे बघा.

षष्ठीचं: डॅनिशमध्ये 'पीटरचं पुस्तक' लिहिताना अपॉस्ट्रॉफी नाही, नुसता एस चिकटतो. पण नाव एस, झेड किंवा एक्सने संपलं, लार्स, नील्स वगैरे, तर एस न लावता नुसती अपॉस्ट्रॉफी. सॉफ्टवेअरमध्ये नाव बाहेरून भरायचं असतं, तिथे हे आधी ठरवता येत नाही आणि 'लार्सस फोटो' असलं काहीतरी स्क्रीनवर येतं. त्यावर इलाज म्हणजे वाक्यच फिरवायचं, 'बिलेडर फ्रा' आणि पुढे नाव, म्हणजे 'अमुककडून फोटो'. तसंच 'अ फाइल नेम्ड अमुक' यात 'मेड नाव्नेट' आणि मग नाव अवतरणात, तिथे नावाचा शेवट कसाही असला तरी फरक पडत नाही.

आणि राजे. डॅनिशमध्ये राजाचा क्रमांक रोमन आकड्यात नाही, साध्या आकड्यात आणि पुढे टिंब: 'क्रिस्चन 4.', आणि 14 जानेवारी 2024 पासून गादीवर असलेला 'फ्रेडरिक 10.' ते टिंब म्हणजे 'चौथा', 'दहावा'. पण भाषांतराचं टूल टिंब बघून वाक्य तिथेच तोडतं आणि अर्धं वाक्य पुढच्या खान्यात पडतं, मग 'ओपकाल्ट एफ्टर क्रिस्चन 4.' इथेच संपतं आणि पुढचा तुकडा लहान अक्षराने सुरू होतो. टूलच्या वाक्य तोडायच्या नियमांत 'आकडा, टिंब, आणि पुढे लहान अक्षर' असेल तर तोडू नकोस असा अपवाद घालून ठेवा. राजाच्या क्रमांकापुढे कॅपिटल अक्षर आलं तर मात्र ते खाने हातानेच जोडावे लागतात.

इतकं करूनही एखाद्या वाक्यात अडकलात तर 'देन दान्स्के ओर्डबोग' ही ऑनलाइन डिक्शनरी फुकट आहे, तिथे इंग्रजी शब्द नका शोधू, 'काल्डे', 'हेड्डे', 'नेव्ने' ही डॅनिश क्रियापदं एकेक उघडून त्याखालची खरी वाक्यं वाचा आणि आपलं वाक्य कुणाशी जुळतं ते बघा. स्पेलिंगवरून वाद झाला तर दान्स्क स्प्रोगनेव्न या भाषासंस्थेचा 'रेट्सक्रिव्हनिंग्सओर्डबोग' शेवटचा शब्द, आणि प्रश्न विचारले तर ते लोक उत्तरंही देतात.